गवती विमानमैदान: पुण्यातला इतिहास, शोध आणि देखभाल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुन्या गवती मैदानांचा इतिहास शोधणारे आणि असे मैदान राखू पाहणारे लोक जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. हे दोन्ही विषय मुद्दाम एकत्र घेतले आहेत. माती, पाणी आणि गवत समजल्याशिवाय अशा मैदानाचा इतिहास नीट वाचता येत नाही.

गवती विमानमैदान म्हणजे काय? मोकळ्या माळावर विमान उतरवले की झाले मैदान?

नाही. माळ आपोआप असतो, मैदान राखावे लागते. गवती मैदानात जमीन सपाट करून तिला दोन्ही बाजूंना उतार दिलेला असतो, गवत ठरावीक उंचीवर कापलेले असते, कडा खुणांनी दाखवलेल्या असतात आणि वारा दाखवणारा कापडी मोजा उभा असतो. खडी, डांबर किंवा काँक्रीट नसते एवढेच. दोन पावसाळे लक्ष दिले नाही, की मैदानाचा पुन्हा माळ होतो.

पुण्यात अशा मैदानाचा सर्वांत जुना ठळक दाखला कोणता?

येरवड्याचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला पस मॉथ विमानातून टपाल आणले. पुढचा बेल्लारी–मद्रास टप्पा नेव्हिल व्हिंटसेंट यांनी उडवला. ही सेवा सरकारी नव्हती, टाटांच्या खासगी कंपनीची होती. विमाने, वैमानिक आणि मेकॅनिक मिळून सगळा पसारा अगदी मूठभर होता.

अडचण जुहूची होती. १९२८ साली सुरू झालेले ते मैदान समुद्राला खेटून आणि सखल. जून लागला की पाणी साचायचे आणि मैदान निकामी व्हायचे. टपाल थांबवणे शक्य नव्हते, म्हणून पावसाळ्यापुरते सगळे बिऱ्हाड पुण्याला हलवले जाई आणि येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या एका मैदानावरून काम चाले. ही आठवण जे. आर. डी. टाटांनी स्वतः सांगितली आहे.

पुणेच का, याचे उत्तर घाटात आहे. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात. पुण्यात वर्षाकाठी साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, सांताक्रूझला त्याच्या सुमारे तिप्पट. शिवाय पुण्याचा पाऊस रिमझिम आणि उघडीप देत येणारा. उताराची, मुरमाड जमीन असेल तर दोन सरींच्या मध्ये ती हलके विमान पेलण्याइतकी निथळते. त्या काळच्या हवाई टपालाला पावसाळ्यात तेवढी उघडीपच हवी होती.

जुन्या लॉगबुकात (वैमानिकाच्या उड्डाणांच्या वहीत) नुसते ‘पूना’ लिहिलेले असते. ते मैदान कोणते?

आधी तारीख पाहा. लोहगावचा हवाई दलाचा तळ १९३९ चा. त्यामुळे त्याआधीच्या नोंदीतले ‘पूना’ म्हणजे लोहगाव नव्हे. १९३९ नंतरच्या नोंदीत विमानाचा प्रकार पाहा: लढाऊ किंवा बाँबफेकी विमान असेल तर लोहगाव, ग्लायडर (इंजिन नसलेले विमान) असेल आणि साल १९५० नंतरचे असेल तर बहुधा हडपसर. उड्डाणाचा कालावधीही बोलका असतो. तीन-चार मिनिटांच्या उड्डाणांची रांगच्या रांग दिसली, की ते विंचवरून (केबल गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रावरून) सोडलेले ग्लायडर समजावे.

हडपसरचे ग्लायडिंग सेंटर खासगी आहे का?

नाही. ते केंद्र सरकारच्या नागरी हवाई वाहतूक खात्याने १९५० च्या सुमारास सुरू केले. तरी पुण्यात गवतावरून उडण्याची परंपरा दीर्घकाळ टिकली ती इथेच, त्यामुळे खासगी मैदान उभारू पाहणाऱ्यानेही आधी हडपसर समजून घ्यावे. ते एका विशिष्ट कामासाठी आखलेले मैदान आहे: लांब, रुंद आणि मधे काहीही नसलेले.

तिथली त्या काळातली भारतीय ग्लायडर कोणती?

नागरी हवाई वाहतूक खात्याच्या दिल्लीतल्या तंत्र केंद्रात एस. राममृतम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय ग्लायडरांची एक मालिकाच तयार झाली आणि त्यांना नक्षत्रांची नावे दिली गेली. अश्विनी १९५८ साली उडाले, रोहिणी १९६१ साली, कार्तिक १९६३ साली. भरणी आणि मृगशीर हीसुद्धा याच मालिकेतली. रोहिणीत शिकाऊ आणि शिक्षक शेजारी-शेजारी बसत. १९७९ साली उडालेले आर्द्रा मात्र मागे-पुढे आसनांचे होते आणि एनसीसीच्या प्रशिक्षणासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कानपूर कारखान्यात त्याचे उत्पादन झाले.

जुन्या छायाचित्रातले ग्लायडर ओळखायचे असेल तर आधी आसनांची मांडणी पाहा, मग पंख धडाला कुठे जोडला आहे ते. रंगावर विसंबू नका, रंग बदलत असत.

ही लाकडी ग्लायडर राखायची तर हँगर ही चैन नव्हती. दमट हवेत लाकूड फुगते, जुने सरस सैल होतात, कापडाखाली बुरशी धरते. म्हणून जुन्या मैदानाचा मागोवा घेताना हँगरचा पाया शोधावा. धावपट्टी पुसली जाते, पाया टिकतो.

विंचने ग्लायडर कसे सोडतात? त्यासाठी एवढे मोठे मैदान कशाला?

एका टोकाला मोठ्या इंजिनाचा विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर आणि मधे जमिनीवर पसरलेली साधारण १००० मीटर केबल. केबलच्या ग्लायडरकडच्या टोकाला छोटी पॅराशूट असते, म्हणजे सुटलेली केबल आपटत न येता तरंगत खाली येते. तिच्या पुढे वीक लिंक. ठरावीक ताणाला तुटावा म्हणून मुद्दाम बसवलेला हा धातूचा दुवा. जर्मन बनावटीच्या दुव्यांचे रंग ठरलेले आहेत: काळा १००० डेकान्यूटन (एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजनाएवढा ताण), तपकिरी ८५०, लाल ७५०, निळा ६००, पांढरा ५००. कोणत्या ग्लायडरला कोणता रंग, हे त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. ‘जवळपासचा’ चालवून घेऊ नये. जास्त ताकदीचा दुवा लावला तर झटका बसल्यावर दुवा तुटण्याऐवजी ताण थेट पंखांवर जातो.

विंचवाला आधी केबलचा ढिलेपणा काढतो, मग जोर देतो. ग्लायडर काही सेकंदांत जमीन सोडते, नाक वर करून चढते आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात केबलच्या लांबीच्या सुमारे एक तृतीयांश उंचीवर पोहोचते. १००० मीटर केबलला ३५० मीटरच्या आसपास. समोरून वारा असेल तर त्याहून थोडी जास्त. वर पोहोचल्यावर वैमानिक पिवळा नॉब ओढून केबल सोडतो.

मैदानाचा आकार ठरतो तो केबल मधेच तुटली तर काय, यावरून. त्या क्षणी नाक वर असते आणि वेग झपाट्याने उतरतो. पहिले काम नाक खाली करून उतरण्याचा वेग परत मिळवणे. तो मिळेपर्यंत वळायचे नाही आणि पंखांवरचे ब्रेकही उघडायचे नाहीत. मग समोर जागा असेल तर सरळ उतरायचे. म्हणजे मैदानाचा मधला सगळा भाग उतरण्याजोगा हवा. तिथे एक चर, दगडांचा ढीग किंवा बाभळीचे झुडूप असेल तर कागदावरची लांबी निरर्थक ठरते.

जुनी मैदाने चौकोनी किंवा गोलसर का असत? धावपट्टी का नसे?

१९२०-३० च्या दशकांतली हलकी विमाने आडव्या वाऱ्याला फार बिचकत. पुष्कळ विमानांना शेपटीखाली चाक नव्हे तर नुसती पट्टी असे आणि ती गवतात घासत ब्रेकचे काम करी. त्यामुळे वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उडता येईल, असे चहूबाजूंनी खुले मैदान सोयीचे होते. जुन्या नकाशावर धावपट्टीची रेघ दिसली नाही म्हणून तिथे मैदान नव्हते, असे समजू नये.

मग गवत मागे का पडले?

वजनामुळे. पस मॉथचे भरलेले वजन एक टनाच्या आत, डाकोटा या मोठ्या वाहतूक विमानाचे अकरा टनांहून अधिक. डाकोटा गवतावरही उतरे, पण ओल्या काळ्या मातीत त्याच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडत आणि मग हलक्या विमानांनाही ते मैदान धोक्याचे होई. वर्षभर वेळापत्रक पाळायचे तर पक्की पट्टी लागणारच होती. हलकी विमाने आणि ग्लायडर यांच्यासाठी गवत आजही उत्तम आहे: टायर कमी झिजतात, केबल घासत नाही आणि पट्टी सोडून बाजूला गेले तरी नुकसान थोडे होते.

एखाद्या जागी जुने मैदान होते, असे ऐकले आहे. पडताळणी कशी करावी?

आधी जमिनीचे कागद, मग नकाशे, मग वर्तमानपत्रे आणि माणसे. हा क्रम मोडू नका. आधी ऐकीव गोष्टी गोळा केल्या, की कागदातही तेच दिसू लागते.

जमिनीसाठी सातबारा आणि त्यावरील सर्व फेरफार काढा. संपादन, भाडेपट्टा किंवा हस्तांतर झाले असेल तर ते फेरफारात सापडते. गाव नमुना १२ मध्ये, म्हणजे पिकांच्या नोंदीत, आजूबाजूला ज्वारी-बाजरी असताना एकाच मोठ्या तुकड्यावर वर्षानुवर्षे ‘गवत’ किंवा ‘पड’ लिहिलेले असेल, तर तो धागा सोडू नका. जुन्या कागदात सर्व्हे नंबर असतो आणि नव्यात गट नंबर. त्यांचा मेळ लावायला एकत्रीकरण योजनेचा ९(३)-९(४) चा उतारा लागतो. इथेच बहुतेकांचा शोध अडतो किंवा भलत्याच शेतात जातो. सरकारी खात्याकडची कागदपत्रे हवी असतील तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा. अर्जात ‘इतिहास द्यावा’ असे न लिहिता गट नंबर, कालावधी आणि कोणत्या प्रकारचे कागद हवेत ते लिहा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते.

नकाशांत सर्व्हे ऑफ इंडियाची ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ ही पत्रके पुणे आणि दक्षिणेकडचा भाग दाखवतात. वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहा. एका आवृत्तीत ‘लँडिंग ग्राउंड’ असते आणि पुढच्या आवृत्तीत ते गायब होते.

वर्तमानपत्रांत केसरी आणि ज्ञानप्रकाश चाळावीत. त्यांत शब्द ‘विमानतळ’ असेलच असे नाही. ‘विमान उतरले’, ‘हवाई टपाल’, ‘विमाने पाहण्यास गर्दी’ अशा मथळ्यांखाली बातमी दडलेली असते.

पावसाचे जुने आकडे हवामान खात्याकडे मिळतात, आणि पुणेकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचे नाव त्यावरूनच पडले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण आकडेवारीचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातच आहे. ‘अमुक वर्षी मैदान महिनाभर बंद होते’ असे कोणी सांगितले, तर त्या वर्षीचा दैनिक पाऊस पाहून ते पटते की नाही हे ताडता येते.

माणसांत वैमानिकांच्या आधी विंचवाले, मेकॅनिक, राखणदार आणि गवताचा लिलाव घेणारे गाठा. मैदानाची हद्द कुठपर्यंत होती आणि पाणी कुठे साचायचे, हे त्यांना वैमानिकांपेक्षा चांगले ठाऊक असते.

उपग्रहचित्रांचा उपयोग होतो का?

फार होतो. अमेरिकेच्या कोरोना टेहळणी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली चित्रे १९९५ पासून खुली झाली आहेत. पुण्याभोवती वस्ती पसरण्याआधीची जमीन त्यांत दिसते. चित्र निवडताना ऑक्टोबर-नोव्हेंबरचे घ्या. वर्षानुवर्षे रोलर फिरलेली माती घट्ट असते, तिथले गवत आधी पिवळे पडते आणि हिरव्या माळावर फिकट पट्टा उमटतो. मे महिन्यातल्या चित्रात सगळेच करडे असते, काही कळत नाही.

प्रत्यक्ष जागेवर गेल्यास वाऱ्याच्या मोज्याभोवतीचे चुन्याचे किंवा दगडाचे वर्तुळ, विमाने बांधायच्या लोखंडी कड्या आणि हँगरचा ओटा शोधा. जागा कोणाची आहे ते विचारून, परवानगी घेऊनच आत जा.

पुण्याच्या जमिनीवर गवती पट्टी करायची तर पहिली अडचण कोणती?

काळी माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मे महिन्यात पंजा जाईल एवढी भेग पडते आणि पुढचे चाक त्यात अडकले तर इंजिनाचा पंखा जमिनीला लागतो. शक्य असेल तर मुरमाड, किंचित उंचवट्याची जागा निवडा. काळी मातीच असेल तर वरचा थर काढून मुरूम भरा, पाणी मारून थराथराने दाबा आणि त्यावर गवत धरण्यापुरती १० सेंटिमीटर माती पसरा.

पट्टी मध्यावर उंच आणि दोन्ही कडांना उतरती हवी. ३० मीटर रुंदीच्या पट्टीला २ टक्के उतार म्हणजे मध्य कडेपेक्षा ३० सेंटिमीटर उंच. कडेला उथळ, पसरट चर काढा. खोल आणि उभ्या काठाचे चर नकोत, विमान पट्टीबाहेर गेले तर त्यात पडते.

रोलर माती दमट असताना फिरवा, चिखल असताना नाही. एक-दोन टनांचा रोलर पुरतो. रस्त्याच्या कामाचा जड रोलर आणला तर माती इतकी घट्ट होते की पाणी मुरत नाही आणि गवताची मुळे गुदमरतात.

कोणते गवत चांगले?

हरळी. ती आडवी पसरते, चाकाखाली मरत नाही, उन्हाळ्यात वाळली तरी पहिल्या पावसाने फुटते. पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे जूनअखेर ते जुलै, मुळासकट तुकडे १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर लावा. पहिल्या पावसाळ्यात पट्टी वापरू नका. कुसळी गवत मात्र पट्टीत नको: त्याची कुसळे ब्रेकमध्ये, हवेच्या जाळीत आणि ग्लायडरच्या फटींत घुसतात.

पट्टीवरचे गवत ७ ते १० सेंटिमीटर ठेवा. पावसाळ्यात हरळी आठवड्यात हाताबाहेर जाते. कापलेले गवत उचलून न्या, पडू दिले तर खाली कुजते आणि चाक घसरते. फेब्रुवारीपूर्वी हद्दीने जाळरेषा काढा. शेजारच्या बांधावर पेटवलेला पाचोळा वाऱ्याने मैदानात येतो आणि हँगरपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागत नाही.

गाजर गवताचे काय करावे?

फुलण्याआधी उपटावे. भारतात या तणाची पहिली नोंद पुण्यातच, १९५५-५६ च्या सुमारास झाली, त्यामुळे इथल्या मोकळ्या जमिनींना त्याचा त्रास सर्वांत जुना. पाऊस पडून माती मऊ असताना हातमोजे घालून मुळासकट काढा. अंगाला लागले तर खाज येते, परागकणांनी दमेकऱ्यांना त्रास होतो. नुसते कापले तर बुडखा पुन्हा फुटतो आणि ठेंगणा राहूनच फुलतो. कडेच्या जागेत टाकळा वाढू दिला तर तो गाजर गवताला बऱ्यापैकी दाबतो.

पक्ष्यांचा आणि जनावरांचा धोका कसा कमी करावा?

पुण्यात घार आणि टिटवी हे दोन पक्षी मुख्य. घारी कचऱ्यावर येतात, म्हणून विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकण्यास आणि जनावरे कापण्यास विमान नियमांच्या ९१ व्या नियमाने मनाई आहे. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. मार्चपासून पट्टीवर रोज चालत फेरी मारा, घरटे दिसले तर वनखात्याला विचारल्याशिवाय हलवू नका. पट्टीबाहेरचे गवत १५ ते २० सेंटिमीटर ठेवले तर पक्ष्यांना भोवतालचे दिसत नाही आणि ते तिथे बसायचे टाळतात.

घुशींची बिळे वरून दिसत नाहीत, चाक गेल्यावरच छत कोसळते. पायाने दाबत चालणे हाच उपाय. कुत्री आणि गुरे यांच्यासाठी कुंपण लागतेच, पण पट्टीच्या टोकांना ते कमी उंचीचे ठेवा.

पुण्यात किती लांबीची पट्टी लागते?

विमानाच्या पुस्तिकेतला उड्डाणाच्या अंतराचा आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंश तापमानाचा असतो. लोहगावची उंची १९४२ फूट आहे आणि एप्रिलमध्ये पारा ४० अंशांवर जातो. त्या दुपारी इंजिनाला आणि पंखाला हवा सुमारे ५३०० फुटांवरची वाटते.

समजा पुस्तिकेत ५० फुटांचा अडथळा ओलांडेपर्यंतचे अंतर ३०० मीटर आहे. दर हजार फुटांना १० टक्के या हिशेबाने उंचीसाठी १.२ ने गुणा: ३६०. दर दहा अंशांना १० टक्के, म्हणजे सुमारे तीस अंश जास्त उष्णतेसाठी (पुण्याच्या उंचीवर प्रमाण तापमान १५ नव्हे, सुमारे ११ अंश धरतात) १.३: ४६८. कोरड्या गवतासाठी १.२: सुमारे ५६०. यावर सुरक्षिततेसाठी १.३३: जवळपास ७५०. गवत ओले असेल तर १.२ ऐवजी १.३ धरा. उतरतानाही ओले गवत फसवते. अंतर साधारण ३५ टक्क्यांनी वाढते, आणि अगदी आखूड कापलेले गवत कठीण जमिनीवर ओले झाले तर ६० टक्क्यांपर्यंत.

जमीन किती लागेल?

८०० मीटर पट्टी, दोन्ही टोकांना ६० मीटर मोकळी जागा आणि एकूण ८० मीटर रुंदी धरली तर ७.३६ हेक्टर, म्हणजे १८ एकरांहून थोडी जास्त. विंचने ग्लायडर सोडायचे असतील तर १२०० बाय १५० मीटर धरा: १८ हेक्टर, साडेचव्वेचाळीस एकर.

आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या तर मैदान चालू ठेवता येते का?

हे उंचीपेक्षा अंतरावर ठरते. सर्वांत लहान श्रेणीच्या पट्टीला टोकापासून ३० मीटर सोडून पुढे एकास वीस या चढाची काल्पनिक पातळी मोकळी हवी. १० मीटर उंचीच्या घराला टोकापासून २३० मीटर अंतर लागते, २१ मीटरच्या सातमजली इमारतीला ४५०. एक इमारत आडवी आली की उतरण्याची जागा आत सरकवावी लागते आणि कागदावर ८०० मीटर असलेली पट्टी वापरात ५०० ची होते. शहरालगतची गवती मैदाने अशीच टोकाकडून संपत जातात. विकास आराखड्यावर हरकतींची मुदत असते, तेव्हाच पातळीचा नकाशा जोडून लेखी हरकत द्या. बांधकाम झाल्यावर काहीच हाती राहत नाही.

परवानग्या कोणत्या?

१९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. विमानतळाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते, त्यात सार्वजनिक वापर आणि खासगी वापर असे दोन प्रकार आहेत. जमिनीच्या बिगरशेती वापराचे नियमही पाहावे लागतात. पुण्याचे आकाश लोहगावच्या हवाई दलाच्या नियंत्रणात असल्याने संरक्षण खात्याची संमती हीच इथली खरी पायरी आहे. जमीन विकत घेण्याआधी याची चौकशी करा.

पावसाळ्यानंतर पट्टी कधी उघडावी?

तारखेवर जाऊ नका. सलग तीन-चार कोरडे दिवस गेल्यावर पूर्ण पट्टी चालत पाहा, टाच रुतते तिथे खूण करा. मग मोटार ताशी ४५-५० किलोमीटरने पट्टीभर चालवा. आतल्या माणसाला धक्के सहन होण्यापलीकडचे वाटले किंवा मागे चाकोरी उमटली, तर अजून थांबा. कडेच्या खुणा (पांढरे शंकू, ५० सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत) पावसात कलंडलेल्या असतात, त्या सरळ करा आणि गवतात बुडाल्या असतील तर भोवती कापा. वाऱ्याचा मोजा किमान ३.६ मीटर लांबीचा असावा. उन्हाने विटून फाटला असेल तर पहिल्या उड्डाणाआधी बदला.

मैदानाच्या नोंदवहीत काय लिहावे?

तारीख, आदल्या चोवीस तासांतला पाऊस मिलिमीटरमध्ये, गवताची उंची तीन ठिकाणी मोजून, मऊ जागा टोकापासून किती मीटरवर, कापणी आणि रोलर कधी फिरला, उड्डाणांची संख्या, दिसलेले पक्षी, झालेले नुकसान. वही शिवलेली, पानांना क्रमांक असलेली घ्या, सुटे कागद हरवतात. दर ऑक्टोबरला त्याच चार कोपऱ्यांवरून चार छायाचित्रे काढून मागे तारीख आणि दिशा लिहून ठेवा.